वाईट वर्ष कसं काढायचं: नव्याने सॉफ्टवेअर कंपनी काढलेल्यांसाठी

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या कंपनीत अकरा माणसं होती आणि जवळजवळ सगळे ग्राहक भोसरी-चाकणचे छोटे कारखानदार. गाड्यांचे सुटे भाग बनवणारे, वीस-पंचवीस मशिनांचे शॉप. त्यांचे तपासणीचे रिपोर्ट आणि डिस्पॅचचा हिशेब आमच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. कारखानेच बंद, तर रिपोर्ट कसले? पहिले चार दिवस मी टीमला धीर देणारा एक लांबलचक मेल लिहिण्यात घालवले. लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. पाचव्या दिवशी आमच्या सीए काकांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली आणि मग त्यांनी एवढंच विचारलं, "एप्रिलचा पगार कुठल्या तारखेला करणार, आणि कुठून?"

मला दोन्हींचं उत्तर देता आलं नाही. तो मेल मी पाठवलाच नाही.

चिकाटी, जिद्द, सकारात्मक विचार यांवरची भाषणं तुम्ही ऐकली असतीलच. माझा अनुभव जरा कोरडा आहे. पैसे कुठल्या तारखेपर्यंत पुरणार हे ज्याला नक्की ठाऊक असतं त्याला रात्री झोप लागते, मग ती तारीख वाईट का असेना. ज्याला ठाऊक नसतं तो पहाटे तीनला छताकडे बघत बसतो. म्हणून खालच्या पायऱ्या हिशेबापासून सुरू होतात आणि मनापर्यंत नंतर येतात. पुढचा क्रम बदललात तरी चालेल, पहिल्या दोन पायऱ्या मात्र आधीच करा.

पायरी १: तेरा आठवड्यांचा कागद

एक्सेलमध्ये तेरा रकाने करा, एका आठवड्याला एक. सर्वात वर आठवड्याच्या सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे, त्याखाली जाणारे, तळाला उरलेले. बस. महिन्यांचा तक्ता करू नका. महिन्याच्या तक्त्यात सगळं जुळतं आणि प्रत्यक्षात ७ तारखेला खातं कोरडं पडतं, कारण ग्राहकाचे पैसे २२ ला येणार असतात.

येणाऱ्या पैशांत बिलावरची तारीख धरायची नाही. तो ग्राहक मागच्या तीन वेळा खरोखर किती दिवसांनी पैसे देत आला, ती तारीख धरायची. "झालंच आहे, नुसती सही बाकी आहे" असलं कुठलंही काम या कागदावर शून्य रुपयांचं. गुंतवणूकदाराने तोंडी हो म्हटलेले पैसेसुद्धा शून्य. टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा कच्चा कागद) आली म्हणजे साखरपुडा झाला असं लोक समजतात. खरं तर तेव्हा नुसती पत्रिका जुळलेली असते.

जाणाऱ्या पैशांत पगार आणि भाडं सगळेच लिहितात. नवखे विसरतात ते सरकारचे पैसे. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा (मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत), पीएफ आणि ईएसआयसी १५ पर्यंत, दरमहा विवरण भरणाऱ्यांचा जीएसटी २० पर्यंत. उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर विवरण तिमाही भरता येतं, पण पहिल्या दोन महिन्यांचा करही २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही पाच लाखांचं बिल केलंत. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९०,०००. ग्राहक पाच लाखांवर १० टक्के टीडीएस कापतो असं धरू. खात्यात आले ५,४०,०००. त्यातले ९०,००० जीएसटीचे. इनपुट क्रेडिट (आपण खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) थोडंफार मिळेल, पण सॉफ्टवेअर कंपनीचा मोठा खर्च पगारांचा आणि पगारावर क्रेडिट नसतं. हातात राहिले साडेचार लाखांच्या आसपास. डोक्यात मात्र "पाच नव्वद आले" हाच आकडा घुमत असतो आणि खर्च त्या आकड्यावर ठरतात. कापला गेलेला टीडीएस तोट्यातल्या कंपनीला परत मिळतो खरा, पण विवरण भरल्यानंतर, म्हणजे बऱ्याच महिन्यांनी. वर्ष तोट्यात जाणार हे दिसतच असेल तर कमी दराने टीडीएस कापण्याच्या प्रमाणपत्रासाठी आयकर खात्याकडे अर्ज करता येतो. तो कसा करायचा हे सीएला विचारा. बहुतेक नवे लोक विचारतच नाहीत.

दुसरी गोम अशी की सेवेवरचा जीएसटी बिल केल्यावर लागू होतो, ग्राहकाने पैसे दिलेत की नाहीत याच्याशी त्याचा संबंध नाही. मार्चअखेरचा आकडा फुगवायचा म्हणून घाईने बिलं फाडलीत तर एप्रिलच्या २० ला न मिळालेल्या पैशांवरचा कर स्वतःच्या खिशातून भराल. उशीर केलात तर वर्षाला १८ टक्के व्याज. म्हणून काम मंजूर होईपर्यंत प्रोफॉर्मा (कच्चं बिल) द्या, करबिल मंजुरीनंतर करा. काम पूर्ण झाल्यापासून बिलाला तीस दिवसांची मुदत असते, ती पाळा.

आम्ही तेव्हापासून एक साधी गोष्ट करतो. चालू खाती दोन. ग्राहकाचे पैसे आले की त्याच दिवशी जीएसटीचा भाग दुसऱ्या खात्यात. त्या खात्याचं चेकबुक आमच्या अकाउंटंट ताईंच्या कपाटात असतं आणि माझ्या फोनमध्ये त्याचं ॲप नाही. हे हास्यास्पद वाटेल, पण पगाराच्या आदल्या रात्री माणूस स्वतःला काय काय पटवून देतो ते मला माहीत आहे.

पीएफचा कर्मचाऱ्याकडून कापलेला हिस्सा तर कधीच वापरायचा नाही. तो त्यांचाच पैसा आहे आणि कापून न भरणं हा फौजदारी मामला होऊ शकतो. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं होतं की तेव्हाच्या आयकर कायद्याप्रमाणे हा हिस्सा मुदतीनंतर भरला तर तो खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणजे दंड, व्याज आणि तेव्हा वर जास्तीचा करही.

कागद दर शुक्रवारी पुढे सरकवा. एक आठवडा मागे टाकायचा, एक नवा जोडायचा. अर्धा तास लागतो. तळाची ओळ ज्या रकान्यात उणे होते ती तुमची खरी तारीख. ती भागीदाराला आणि घरी माहीत असली पाहिजे.

पायरी २: अडकलेले पैसे सोडवा

नवं काम आणण्यापेक्षा झालेल्या कामाचे पैसे आणणं सोपं असतं, पण ते कमीपणाचं वाटतं म्हणून संस्थापक टाळतो. मीही टाळायचो. एका मोठ्या कंपनीकडे आमचं सव्वाचार लाखांचं बिल सत्तर दिवस अडकलं होतं. मी त्यांच्या प्लांट हेडना आठवड्याला एक मेल टाकायचो, अतिशय अदबीने. ते दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे" म्हणायचे आणि मला ते खरं वाटायचं.

शेवटी एका गुरुवारी दुपारी मी सरळ चाकणला गेलो. गेटवर पास, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, मग अकाउंट्स. तिथल्या मॅडमनी आमच्या कंपनीचं नाव टाकलं आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. आमचं बिल सिस्टिममध्ये होतं, पण त्यापुढचा रकाना रिकामा. "तुमची सर्व्हिस एंट्रीच, म्हणजे काम मिळाल्याची नोंदच झालेली नाही, दादा. क्वालिटीवाले एंट्री करत नाहीत तोवर आम्हाला पेमेंटला घेताच येत नाही." एंट्री करणारा मुलगा दोन मजले खाली बसायचा. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने चहा पिता पिता चार मिनिटांत ती केली. मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे पेमेंट रन ७ आणि २२ ला असतो, आज केलीत म्हणून २२ ला बसेल. बावीसला पैसे आले. सत्तर दिवस मी चुकीच्या माणसाला मेल टाकत होतो.

तेव्हापासून नवा ग्राहक मिळाला की कामाच्या आधीच चार गोष्टी लिहून घेतो: पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) नाव कुणाचं, एंट्री कोण करतं, बिल कुठल्या पत्त्यावर किंवा पोर्टलवर जातं, पेमेंट रन कुठल्या तारखांना. दिवाळीची मिठाई प्लांट हेडला जावो न जावो, एंट्रीवाल्या मुलाला आणि अकाउंट्सच्या मॅडमना जाते.

कायद्याचं बळही आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, मोफत आणि ऑनलाइन होते. आधी ती करून टाका. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा १० कोटी आणि लघुउद्योगाची १०० कोटी आहे, तेव्हा तुम्ही बहुतेक यात बसताच. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. थकलेल्या पैशांसाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. मी आजवर एकदाच केली, आणि ज्या ग्राहकाकडे पुन्हा जायचं नाही अशाविरुद्ध केली. तुम्हीही तोच नियम ठेवा. तक्रारीनंतर संबंध पूर्वीसारखा राहत नाही.

तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडते ती २०२४ पासून लागू झालेली आयकराची तरतूद, जिला सगळे अजून '४३बी-एच' म्हणूनच ओळखतात. सूक्ष्म-लघुउद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षात धरता येतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करून उद्यम प्रमाणपत्र मागतात. बिलाच्या तळाला उद्यम क्रमांक छापा. एवढ्या एका ओळीने आमच्या दोन ग्राहकांची सवय बदलली.

ग्राहक फार मोठा असेल तर ट्रेड्सचाही (बिलांवर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचांचा) विचार करा. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी बंधनकारक झाली आहे. ग्राहकाने बिल तिथे मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून पैसे आधी देते, आणि ग्राहकाने पुढे पैसे बुडवले तरी बँक तुमच्याकडे मागायला येत नाही.

आणि आगाऊ पैसे मागा. बारा महिन्यांची वर्गणी एकदम भराल तर दोन महिने माफ, असं आम्ही जुन्या ग्राहकांना सांगितलं. चौदापैकी सहा जणांनी भरले. मागितले नसते तर शून्य जणांनी भरले असते.

पायरी ३: कापायचं ते एकदाच, वरून खाली

खर्च कापताना आधी यंत्रं, मग जागा, मग स्वतः, सर्वात शेवटी माणसं.

क्लाउडचं बिल उघडून एकेक ओळ वाचा. आमच्याकडे टेस्टिंगचे सर्व्हर रात्रंदिवस आणि शनिवार-रविवारही चालू होते. रात्री आठ ते सकाळी नऊ आणि सुट्टीला बंद ठेवले. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलांच्या नावाने तीन टूल्सचे परवाने चालू होते. एका डेमोसाठी उभा केलेला डेटाबेस तर कुणाच्या लक्षातच नव्हता. महिन्याला सत्तावीस हजार वाचले. फार मोठी रक्कम वाटत नाही, पण नव्या मुलाचा तेवढाच पगार असतो.

स्वतःचा पगार कमी करा, शून्य करू नका. मी सात महिने शून्य केला होता. वाटलं, त्याग वगैरे. घर बायकोच्या पगारावर चाललं आणि अडीअडचणीला क्रेडिट कार्ड. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, हे मला ते भरायला लागल्यावर कळलं. कंपनी वाचवायला काढलेलं सर्वात महाग कर्ज ते होतं आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंदही नव्हती. घरखर्चाचा किमान आकडा काढा आणि तेवढा घ्याच.

माणसं कमी करायची वेळ आली तर दर महिन्याला एक असं करू नका. उरलेले रोज सकाळी "आज कोण?" या चेहऱ्याने येतात, आणि हुशार असतात ते आधी जातात. मे २०२० मध्ये प्रवाशांना घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने एकदम सुमारे १,९०० माणसं, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा कमी केला. प्रमुखाने कारणं, आकडे आणि काय देणार हे एकाच पत्रात उघडपणे लिहिलं. आपण काही एवढे मोठे नाही, पण पद्धत तीच वापरता येते: एक दिवस, एक यादी, खरं कारण.

आम्ही तिघांना कमी केलं. एकेकाला व्हिडिओ कॉलवर, मी स्वतः. त्यातला एक मुलगा लातूरचा, पहिलीच नोकरी. त्याने मी बोलायच्या आतच विचारलं, "सर, माझं काम खराब होतं का?" मी तयार केलेलं सगळं विसरलो. "नाही, पैसे संपलेत," एवढंच म्हणालो. नंतर कळलं, तेवढंच पुरेसं होतं.

द्यायच्या गोष्टी मात्र चोख द्या. नोटिशीचा पगार, रिलीव्हिंग लेटर त्याच आठवड्यात, पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरा. ती भरली नाही तर बिचाऱ्याचे स्वतःचेच पैसे अडकतात. तीन ओळखीच्या कंपन्यांना मी त्यांचे सीव्ही पाठवले. लातूरचा मुलगा दोन महिन्यांत लागला. आज तो जिथे आहे ती कंपनी आमची ग्राहक आहे, आणि ते काम त्यानेच आणलं.

पायरी ४: रेघ आधी आखून ठेवा

कर्ज काढायची वेळ येते तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून कागदावर आजच लिहा: कंपनीत घरचे जास्तीत जास्त किती पैसे घालणार, आणि काय गहाण ठेवणार नाही. माझ्या यादीत राहतं घर, आईवडिलांची एफडी आणि बायकोचे दागिने होते. खाली आम्ही नवराबायकोने सही केली. चित्रपटात शोभेल असा प्रसंग, पण सही बटाटेवडे खाता खाता झाली.

प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं समजू नका. बँक ओव्हरड्राफ्ट देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते. त्या एका पानावर सही केलीत की कंपनीचं कर्ज तुमचं होतं. सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी योजनेखाली लघुउद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळतं, त्यासाठी बँकेत विचारा. मॅनेजरला कंटाळा असेल तर दुसऱ्या शाखेत विचारा.

आणि सगळे पैसे एका बँकेत ठेवू नका. १० मार्च २०२३ ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा भारतातल्याही बऱ्याच स्टार्टअपचे पैसे तिथे होते. शनिवार-रविवार लोक फोनला चिकटून होते. रविवारी संध्याकाळी तिथल्या सरकारने सगळ्या ठेवी सुरक्षित असल्याचं सांगितलं. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवींना विमा असतो तो एका बँकेत एका खातेदाराला पाच लाखांपर्यंतच. निदान एका महिन्याचा पगार दुसऱ्या बँकेत ठेवा.

पायरी ५: ग्राहकाच्या दारात जा, डेमो न घेता

जून २०२० मध्ये कारखाने थोड्या माणसांनिशी सुरू झाले. आमची विक्री ठप्प. मी आणि माझा भागीदार रोज दोन ग्राहकांकडे जायचो, लॅपटॉप गाडीत ठेवून. विकायला काहीच नव्हतं, त्यामुळे ऐकायला वेळ होता. पाचव्या की सहाव्या शॉपमध्ये मालक वैतागून म्हणाले, "तुमचा रिपोर्ट चांगला आहे हो, पण बघायला येणार कोण? त्यांचा इन्स्पेक्टर कंपनीबाहेर पाऊल टाकत नाही. माझा माल तयार, गाडी उभी, आणि मी फोनवर फोटो पाठवत बसलोय."

हे आणखी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. नऊ दिवसांत आम्ही एक छोटा तुकडा बनवला: मोजमापं, फोटो आणि ड्रॉइंग नंबर एका पानावर, व्हॉट्सॲपवर लिंक, इन्स्पेक्टर घरून मंजूर करणार. महिन्याला अडीच हजार. आमच्या मुख्य सॉफ्टवेअरपुढे ते पोरकट दिसायचं आणि भागीदाराला ते अजिबात आवडलं नव्हतं. त्या वर्षी नवे पैसे आले ते त्यातूनच.

पुण्यात याचं मोठं उदाहरण आहेच. अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलची सुरुवात कैलाश काटकर यांच्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून झाली. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने पुन्हा पुन्हा बिघडून परत येत, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करणारे प्रोग्रॅम लिहिले. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचंही तसंच. तेव्हा नाव ॲडव्हेंटनेट, ग्राहक दूरसंचार उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या. २००१ च्या पडझडीत ते ग्राहक आटले आणि कंपनी दुसऱ्या उत्पादनांकडे वळली. दोन्हीकडे नवी वाट समोरच्या अडचणीतून निघाली, कॉन्फरन्स रूममधल्या पांढऱ्या फळ्यावर ती सापडली नव्हती.

एक सावधगिरी. वाईट काळात ग्राहक काहीही मागतो आणि आपण काहीही कबूल करतो. एकाच ग्राहकाच्या उपयोगाचं काम असेल तर त्याचे पूर्ण पैसे घ्या. तिघांनी न विचारता तीच अडचण सांगितली तरच स्वतःच्या खर्चाने बनवा.

पायरी ६: भागीदार, गुंतवणूकदार, घर

भागीदाराशी भांडण पैशावरून होतं असं दिसतं, पण मुळात ते माहितीवरून होतं: एकाला आकडा ठाऊक असतो, दुसऱ्याला नाही. आम्ही दर मंगळवारी सकाळी वेताळ टेकडीवर जातो, एक तास, फोन खिशात. चढताना एकमेकांवर ओरडता येत नाही, दम लागतो. शेअर किती वर्षांत कुणाचे पक्के होणार आणि कुणी सोडून गेला तर काय, हे मात्र टेकडीवर ठरवू नका. चांगल्या दिवसांत वकिलाकडून लिहून घ्या.

गुंतवणूकदार असतील तर दर महिन्याला पाच ओळी लिहा: शिल्लक, महिन्याचा खर्च, किती महिने पुरतील, काय बिघडलं, काय मदत हवी. वाईट बातमी त्यांना तुमच्याकडूनच आणि लवकर कळू दे. पैसे संपायला तीन आठवडे उरल्यावर आलेल्या फोनला कुणीही मदत करू शकत नाही. सहा महिने आधी कळलं तर करतात. निदान काही जण.

घरचं अवघड असतं. माझे वडील वर्षभर एकच वाक्य बोलायचे, "नोकरी चांगली होती ना पण." मी चिडायचो. मग एका रविवारी त्यांना तेरा आठवड्यांचा कागद दाखवला. ते बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, भाड्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "घरमालकाशी बोललास का?" बोललो नव्हतो. बोललो. सहा महिने तीस टक्के कमी झालं.

पायरी ७: शरीर

यावर मला फार ज्ञान नाही, जे झालं ते सांगतो. ऑगस्टमध्ये एका रात्री छातीत दुखायला लागलं. ईसीजी निघाला, नीट होता. डॉक्टर म्हणाले पित्त आहे, आणि मग स्टेथोस्कोप गुंडाळत विचारलं, "धंदा आहे का?"

मी तीन नियम केले. रात्री साडेनऊनंतर बँकेचं ॲप बघायचं नाही. त्या वेळी बघून कुणाचाही पगार झालेला नाही. मोठा निर्णय रात्री घ्यायचा नाही. आठवड्यातून एक जेवण अशा माणसाबरोबर ज्याला सॉफ्टवेअरशी देणंघेणं नाही. झोप दोन-तीन आठवडे सलग उडाली, कशातच मन लागेना, किंवा नको ते विचार येऊ लागले तर डॉक्टरकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मोफत आहे. तो फोन करणाऱ्या दोन संस्थापकांना मी ओळखतो. दोघांच्याही कंपन्या चालू आहेत.

पायरी ८: बंद करायची असेल तर

सगळ्यांच्या कंपन्या वाचत नाहीत. पायरी चारमध्ये आखलेली रेघ आली तर थांबा. ती पुढे सरकवायची कारणं त्या दिवशी फार सुंदर दिसतात. हातात निदान तीन महिन्यांचे पैसे असताना बंद केलीत तर सगळ्यांची देणी देता येतात. शेवटच्या रुपयापर्यंत ताणलीत तर पहिली झळ पगारांना बसते.

क्रम असा ठेवा: कर्मचाऱ्यांचे पगार आणि पीएफ, सरकारचे कर, छोटे पुरवठादार, मग बाकीचे. कंपनी नुसती सोडून देऊ नका; वार्षिक विवरणं भरली नाहीत तर दंड साचत राहतो आणि सलग तीन वर्षं चुकलीत तर संचालक म्हणून अपात्र ठरता. देणी फेडून नोंदवहीतून नाव काढायचा अर्ज सीए किंवा सीएसकडून (कंपनी सेक्रेटरीकडून) करून घ्या.

नाशिकच्या एका मित्राने २०२३ मध्ये अशी बंद केली. ग्राहकांना नव्वद दिवस आधी कळवलं, प्रत्येकाचा डेटा एक्सेलमध्ये काढून दिला, दोन ग्राहकांना प्रतिस्पर्ध्याच्या सॉफ्टवेअरवर स्वतः बसवून दिलं. सर्व्हर आणखी तीन महिने चालू ठेवला. आणि एक गोष्ट केली जी मला सुचली नसती: कंपनीचं डोमेन पाच वर्षांसाठी आगाऊ भरून ठेवलं. कारण बँकेचे, जीएसटीचे, जुन्या खात्यांच्या पासवर्डचे मेल त्याच पत्त्यावर येतात, आणि सोडून दिलेलं डोमेन उद्या दुसऱ्या कुणीही विकत घेऊ शकतं. त्याचं वार्षिक बिल हजार रुपयांच्या आसपास होतं.